मागच्या सीटवरची डुलकी

मोटारसायकलच्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य हमखास असते. मागे बसलेली महिला तोल जाऊन रस्त्यावर पडली. पुढे कारण दिलेले असते: गतिरोधक दिसला नाही, गाडी खड्ड्यात आदळली, पदर चाकात गेला. पण त्याच गतिरोधकावरून त्या दिवशी कितीतरी डबलसीट गाड्या गेलेल्या असतात. मग हिचाच तोल का गेला? घरातल्या माणसांशी बोलले की पुष्कळदा एक गोष्ट हळूच बाहेर येते, जी बातमीत नसते. तिला पेंग येत होती.

गाडी चालवणाऱ्याच्या झोपेवर सगळे बोलतात. महामार्गावर तशा पाट्याही असतात. मागे बसणाऱ्याच्या झोपेवर मात्र कोणी बोलत नाही, उलट त्याची थट्टा होते. "ही बसली की लगेच डुलते" असे नवरा चारचौघांत हसून सांगतो आणि तीही हसते. या महिन्याच्या आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे, कारण आपल्या वस्त्यांमधून लांबचा प्रवास म्हणजे आता बहुतेक मोटारसायकलचाच प्रवास आहे. चारचाकी परवडत नाही, एस.टी. आपल्या वेळेला मिळत नाही, आणि गाडी दारात उभी असते. मग नातेवाइकांकडे मंगल परिणय असो, कुणाचा जलदान विधी असो, दवाखाना असो, किक मारली की निघायचे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले रस्ते डोळ्यांसमोर आणा. जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळे गाठायचे म्हणजे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. धुळ्याहून चाळीसगाव आणि पुढे कन्नडचा घाट उतरून-चढून औरंगाबाद. जळगावहून पहूर, फर्दापूर आणि अजिंठ्याचा घाट. आणि सगळ्यांत लांबचा, सगळ्यांत धोक्याचा म्हणावा असा रस्ता सुरतेचा. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खान्देशातली किती कुटुंबे राहतात हे वाचकांना सांगायला नको. कारखान्यातून पाळी सुटली की तिथली तरुण मंडळी रात्रीच गाडी काढतात. सोनगड, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट, साक्री, आणि पहाटे धुळे. मागे बायको, तिच्या मांडीवर लहान मूल, पायाशी पिशवी. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास दिवसभर काम केलेल्या दोन माणसांनी रात्री करायचा असतो.

आता आधी हे समजून घेऊ की चालवणाऱ्यापेक्षा मागच्याला झोप लवकर का लागते. तो आळशी असतो म्हणून नव्हे. चालवणाऱ्याचे हात, पाय, डोळे सतत कामात असतात. गिअर, क्लच, ब्रेक, समोरचा ट्रक, बाजूने आलेली म्हैस. मेंदूला दर क्षणाला काहीतरी ठरवावे लागते. मागच्याला काहीच करायचे नसते. समोर दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. वारा त्याच पाठीने अडवलेला असतो, त्यामुळे चेहऱ्यावर थंड झुळूकही नीट लागत नाही. इंजिनाचा एकसुरी आवाज आणि खालून सारखी येणारी थरथर. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आर.एम.आय.टी. विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली पंधरा जणांवर एक प्रयोग केला होता. मोटारीच्या सीटला सेकंदाला 4 ते 7 वेळा अशी मंद थरथर दिली, तर चांगल्या जाग्या माणसांनाही पंधरा मिनिटांत सुस्ती येऊ लागली. प्रयोग चारचाकीच्या सीटवरचा होता हे खरे. पण पाळण्याला झोके देऊन मूल झोपवणाऱ्या आपल्या आयाबायांना त्याचे नवल वाटणार नाही.

पूर्वीचा महामार्ग क्रमांक 6, आता ज्याला 53 म्हणतात, तो खड्ड्यांचा होता तेव्हा मागच्या माणसाला झोप येण्याची सोयच नव्हती. चौपदरी झाल्यावर पाठीचे हाल कमी झाले आणि डुलक्या वाढल्या. रस्ता वाईटच बरा होता असे आमचे म्हणणे नाही, पण सरळ, सपाट, एकसारखा रस्ता डोळ्यांवर झापड आणतो हे गाडी काढताना लक्षात ठेवावे.

दुसरे कारण शरीरातल्या घड्याळाचे. माणूस कितीही विश्रांती घेतलेला असो, रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान शरीर झोपेकडे सर्वाधिक ओढते, आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास त्याहून सौम्य अशी दुसरी ओढ असते. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर जातो, म्हणून शहाणी माणसे उन्हाच्या आत पोचायचे म्हणून रात्री दोन-तीनला निघतात. उन्हापासून वाचतात आणि झोपेच्या नेमक्या तावडीत सापडतात.

झोपल्यावर नेमके काय होते? घरात खाटेवर आपण हळूहळू झोपतो, तसे गाडीवर होत नाही. तिथे झोप तुकड्यातुकड्यांनी येते. दोन सेकंद, तीन सेकंद, कधी पाच. या क्षणिक डुलकीत डोळे उघडे असले तरी मेंदू बाहेरचे काही घेत नाही, आणि जाग आल्यावर आपण झोपलो होतो हे माणसाला बहुतेक वेळा आठवतही नाही. म्हणून "छे, मी जागीच होते" हे उत्तर खोटे नसते, पण त्यावर विसंबूनही चालत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर पुढे जाते. तीन सेकंदांच्या डुलकीत 50 मीटर. तेवढ्या अंतरात एक गतिरोधक, एक वळण किंवा एक खड्डा सहज येतो.

झोपेच्या सुरुवातीलाच स्नायू सैल पडतात. आधी मान पडते, मग हाताची पकड सुटते. दांडी धरलेली बोटे उघडतात हे त्या व्यक्तीला कळत नाही. काही वेळा याच्या उलट होते. झोप लागता लागता सगळ्या अंगाला एकदम झटका बसतो, उंचावरून पडल्यासारखे वाटते. हा झटका आपण सगळ्यांनी घरी अंथरुणात अनुभवला आहे आणि तिथे तो निरुपद्रवी असतो. गाडीवर मात्र तोच झटका बसलेली व्यक्ती घाबरून पुढच्याचा शर्ट, खांदा, कधी हातच ओढते, आणि हँडल हलते. म्हणजे मागच्याची झोप ही फक्त मागच्याची राहत नाही. मागे पन्नास-साठ किलोचे सैल शरीर डाव्या-उजव्या बाजूला झुकू लागले की घाटाच्या वळणावर गाडी सावरणे सराईतालाही जड जाते.

ती पहाटे कधी उठली होती?

आमच्या मते या विषयाचे मूळ रस्त्यावर नाही, स्वयंपाकघरात आहे. एखाद्या कुटुंबाला सकाळी सहाला गावाहून निघायचे आहे असे धरू. चालवणारा साडेपाचला उठतो, अंघोळ करतो, गाडी पुसतो. ती साडेतीनला उठलेली असते. पाणी भरणे, बरोबर न्यायच्या भाकरी, मुलांची तयारी, म्हाताऱ्या सासूचे जेवण झाकून ठेवणे, शेळी-कोंबडीचे बघणे, घर बंद करणे. आदल्या रात्रीही शेवटची भांडी तिनेच घासलेली असतात. दोघे एकाच गाडीवर बसतात, पण त्याची झोप सहा तासांची आणि तिची तीन-चार तासांची. मग पुढचा ताजातवाना आणि मागची डुलते, यात आश्चर्य कसले?

परतीचा प्रवास तर आणखी वाईट. लग्नघरी बायका बसलेल्या नसतात. वाढणे, आवरणे, पाहुण्यांचे चहापाणी यात दिवस जातो, आणि रात्री नऊला "चला, निघू" असे फर्मान येते. इथे एक आकडा सांगतो. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी मोजून दाखवले की सलग 17 तास जागे असलेल्या माणसाची सावधपणाची चाचणी तशीच बिघडते, जशी 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्याची बिघडते. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. पहाटे चारला उठलेली बाई रात्री नऊला गाडीवर बसते तेव्हा तिचे बरोबर 17 तास झालेले असतात. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेली, पंचशील पाळणारी आपली आई-बहीण त्या वेळी झिंगलेल्या माणसाइतकी बेसावध असते, आणि एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली असते.

म्हणून निघण्याआधी चालवणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: रात्री किती वाजता झोपलीस आणि किती वाजता उठलीस? उत्तर पाच तासांपेक्षा कमी आले तर प्रवास पुढे ढकलावा, किंवा ती कामे वाटून घ्यावीत. भाकरी घरच्या पुरुषाने थापल्या नाहीत तरी चालतील, वाटेत धाब्यावर मिळतात. पाणी भरणे, मुलांना तयार करणे, घर बंद करणे एवढे त्याने केले तरी तिला दीड तास जास्त झोप मिळते. ही सवलत नव्हे, गाडीच्या हवा-पेट्रोलइतकीच प्रवासाची तयारी आहे.

हीच गोष्ट दवाखान्यातून परतणाऱ्यांची. धुळ्याचे हिरे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो की जळगावचे शासकीय रुग्णालय, खेड्यातून आलेला नातेवाईक रुग्णाजवळ दोन-दोन, तीन-तीन रात्री फरशीवर बसून काढतो. बदली माणूस आला की त्याला गाडीवर मागे बसवून गावी पाठवतात. तीन रात्रींची झोप एका चहाने भरून निघत नाही. त्याला आधी तिथेच कुठे सावलीत दोन तास झोपू द्यावे, किंवा एस.टी.त बसवावे.

एका बाजूला बसणे

बायकांनी एका बाजूला पाय सोडून बसायचे, ही रीत कुणी घातली कोण जाणे. तिला आरोग्याच्या दृष्टीने काहीही आधार नाही. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्याला गुडघ्यांची पकड असते, दोन्ही पाय फूटरेस्टवर असतात, डुलकी आली तरी निदान शरीराचा मध्य गाडीच्या मध्यावर राहतो. एका बाजूला बसणारीला फक्त हातांचा आधार असतो, आणि झोपेत आधी हातच सुटतात. लांबच्या प्रवासाला सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. सासरी पोचल्यावर साडी नेसता येते. कुणी नावे ठेवली तर ठेवू द्यावीत.

साडीतच जायचे असेल तर पदर खोचून घ्यावा, निऱ्या आवरून घ्याव्यात. मोटार वाहन नियमांनुसार मागच्यासाठी धरायची दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारे संरक्षण गाडीला असलेच पाहिजे. पुष्कळ तरुण नवी गाडी घेतल्यावर "लूक जातो" म्हणून साडीगार्ड काढून टाकतात आणि पुढच्या वर्षी त्याच गाडीवर लग्न करून आणलेली बायको बसवतात. ते गार्ड माळ्यावरून शोधून परत बसवावे.

काही जण पेंग येणाऱ्या बायकोला ओढणीने आपल्या कमरेला बांधून घेतात. हे करू नये. पकड सुटली तर ती एकटी नव्हे, दोघे पडतात, आणि सुटलेली ओढणी चाकात जाण्याचा धोका वेगळाच. बांधावे लागते आहे, याचाच अर्थ गाडी थांबवण्याची वेळ टळून गेली आहे.

हेल्मेटचेही असेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागते. आपल्याकडे घरात एकच हेल्मेट असते आणि ते पुढच्याच्या डोक्यावर किंवा आरशावर अडकवलेले असते. झोपेत पडणारा माणूस हात पुढे करत नाही. जागा माणूस पडताना हात-कोपर टेकवतो, झोपलेला थेट डोक्यावर जातो. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे अपघातात डोक्याला इजा होण्याची शक्यता 69 टक्क्यांनी आणि मृत्यूची 42 टक्क्यांनी कमी होते. घरात एकच घेणे शक्य असेल तर दुसरे उसने आणावे, पण मागचे डोके उघडे ठेवू नये.

मांडीवरचे मूल

मूल गाडीवर बसले की दहा मिनिटांत झोपते. टाकीवर पुढे बसवलेले असेल तर त्याचे डोके हँडलवर आपटते. दोघांच्या मध्ये बसवलेले असेल तर ते एका बाजूला कलते आणि आईचा एक हात त्याला धरण्यात जातो. मांडीवर असेल तर आईचे दोन्ही हात जातात, म्हणजे आई स्वतः कशालाच धरून नसते. तिला त्या वेळी डुलकी आली तर काय, हे लिहायला नको. तान्ह्या बाळाचा आणखी एक धोका असा की बसल्या स्थितीत झोपल्यावर हनुवटी छातीवर टेकते आणि त्याची अरुंद श्वासनलिका दाबली जाते. कुंची-टोपड्याखाली हे दिसतही नाही.

केंद्र सरकारने 15 फेब्रुवारी 2022 रोजी नियम केला आणि तो वर्षभराने लागू झाला. चार वर्षांखालील मूल दुचाकीवर असेल तर ते चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट आणि गाडीचा वेग ताशी 40 च्या आत. आणि कलम 128 प्रमाणे चालवणाऱ्यामागे एकाच व्यक्तीला बसवता येते. आपल्याकडचे चित्र या नियमांपासून किती दूर आहे हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून व्यवहाराचे बोलू. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. लहान मुलाला तिकीट नाही. 75 वर्षांवरील आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे. पन्नास किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल तर मुलाला घेऊन आईने एस.टी.ने जावे आणि वडिलांनी सामान घेऊन गाडीवर यावे. पेट्रोलचा हिशेब केला तरी फार तफावत पडत नाही. गाडीचा डौल थोडा कमी होतो इतकेच.

झोप घालवण्याचे उपाय, खरे आणि खोटे

तोंडावर पाणी मारणे, स्वतःला चिमटे काढणे, मोबाइलवर मोठ्याने भीमगीते लावणे, तंबाखूचा बार भरणे. हे सगळे आपल्याकडे चालते. पाण्याने आणि गाण्याने पाच-दहा मिनिटे बरे वाटते, मग झोप परत येते आणि आधीपेक्षा जोराने येते. शिवाय कानात गाणी असली की मागचा ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही. तंबाखूबद्दल या पानावर पुष्कळदा लिहून झाले आहे, आता नवीन काही सांगत नाही.

चहा-कॉफी काम करते, पण लगेच नाही. त्यातल्या कॅफिनचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच गाडीवर बसण्यात अर्थ नाही. चहा प्यावा आणि तिथेच पंधरा-वीस मिनिटे आडवे व्हावे. उठेपर्यंत चहाही चढलेला असतो आणि डुलकीही झालेली असते. ही युक्ती मोठ्या पल्ल्याचे ट्रकवाले वापरतात आणि ती शास्त्राला धरून आहे. मोबाइलवर गजर लावावा. अर्ध्या तासाच्या पुढे झोपलात तर खोल झोपेतून उठल्यावर डोके जड राहते. उठल्याबरोबर निघू नये, पाच-दहा मिनिटे पाय मोकळे करावेत.

झोपेला झोपेशिवाय पर्याय नाही, बाकी सगळे वेळ मारून नेणे आहे. झोपायचे तर गाडीवरून उतरून झोपायचे.

कुठे थांबायचे हा बायकांच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. रात्री झाडाखाली, पुलाखाली थांबू नये. उजेडाचा पेट्रोल पंप, टोल नाका, एस.टी. स्टँड, माणसांची वर्दळ असलेला धाबा, किंवा ओळखीचे गाव असेल तर तिथले बुद्धविहार. पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह विनामूल्य देणे पंपवाल्यांवर बंधनकारक आहे. पेट्रोल भरले नाही तरी मागावे. हे एवढ्यासाठी सांगतो की आपल्या बायका वाटेत लघवीची सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी कमी पडले की डोके दुखते, ग्लानी येते, आणि ती झोपेसारखीच दिसते. तासाभराने किंवा साठ-सत्तर किलोमीटरला एकदा थांबायचे असे निघतानाच ठरवून टाकावे. म्हणजे "थांबा" म्हणायचा संकोच उरत नाही.

धाब्यावर शेवभाजी आणि तिखट रस्सा भरपेट खाऊन निघालात की अर्ध्या तासात दोघांचेही डोळे जड होणार. लांबच्या प्रवासात पोट थोडे रिकामे ठेवावे. केळी आपल्याच भागातली, रावेर-यावलची. दोन केळी, मूठभर शेंगदाणे, पाणी, एवढ्यावर शंभर किलोमीटर निभतात.

चालवणाऱ्याने मागच्याला बोलते ठेवावे. नुसते "ठीक आहे ना?" विचारू नये. त्याला अर्धवट झोपेतही "हं" येते. ज्याचे उत्तर विचार करून द्यावे लागते असे विचारावे. पुढचे गाव कोणते, किती किलोमीटरचा दगड गेला, कुणाला अहेर काय द्यायचा. उत्तर उशिरा आले, चुकले, किंवा हेल्मेट पाठीला टेकू लागले की पुढची उजेडाची जागा दिसताच गाडी उभी करावी. मागच्यानेही खूण ठरवून घ्यावी. बोलायचा संकोच वाटत असेल तर खांद्यावर दोन थापा म्हणजे थांबा. तिसऱ्यांदा जांभई आली की थाप मारावी, डोळे मिटेपर्यंत वाट पाहू नये.

वेळेबद्दल आमचा सल्ला असा. उन्हाळ्यात रात्री दोनला निघण्याऐवजी पूर्ण झोपून पाचला निघावे, दहाच्या आत पोचेल तेवढेच अंतर कापावे. उरलेले संध्याकाळी पाचनंतर. एका दिवसात होत नसेल तर वाटेतल्या नातेवाइकाकडे मुक्काम करावा. पाहुण्याला पथारी देणारी आपली घरे अजून आहेत. 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. 1937 साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा तिथे मुक्कामाला होते, त्या स्मृतीसाठी दोन्ही जिल्ह्यांतून डबलसीट गाड्या निघतात. दिवस पावसाचा, रस्ता निसरडा आणि आदल्या रात्री तयारीचे जागरण. तयारी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी परतीचा हट्ट धरू नये. 6 डिसेंबरला दादरला किंवा विजयादशमीला नागपूरला तर गाडीवर जाऊच नये. त्या दिवसांत रेल्वे जादा गाड्या सोडते, आणि जळगाव-भुसावळ दोन्ही त्या मार्गावरच आहेत.

झोप नसून आजार असेल तर

पुरेशी झोप होऊनही कुणाला गाडीवर, बैठकीत, टीव्हीसमोर सारखी डुलकी लागत असेल तर तपासून घ्यावे. घोरण्याबरोबर रात्री श्वास अडकणे हे एक कारण आहे. स्त्रियांमध्ये रक्त कमी असणे हे फार मोठे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 साली देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थकवा, धाप, चक्कर ही त्याची लक्षणे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळते, लोहाच्या गोळ्याही मिळतात.

औषधांचे नीट विचारून घ्यावे. सर्दी-खाजेच्या गोळ्या, त्यात सेट्रिझिन आणि क्लोरफेनिरामिन आले, काही खोकल्याची औषधे, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतात त्या गोळ्या, फिट्सची आणि मानसिक आजाराची काही औषधे यांनी गुंगी येते. गाडीवर उलटी होते म्हणून निघताना गोळी घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्या दिवशी गाडीवर जाऊ नये. फिट्सची किंवा मानसिक आजाराची गोळी मात्र प्रवासासाठी मनाने बंद करू नये, प्रवासच बदलावा. मधुमेहाचा रुग्ण मागे बसला असेल, त्याला घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर ती पेंग नाही, रक्तातली साखर उतरली आहे. शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी किंवा गूळ द्यावा. आणि मे महिन्याच्या दुपारी मागचा माणूस गळून पडू लागला, अंग भट्टीसारखे तापले, बरळू लागला तर तो उष्माघात. सावलीत आडवे करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि 108 ला फोन करावा.

शेवटी पडल्यानंतरचे. डुलकीत पडलेली बाई उठून बसते, धूळ झटकते आणि "मला काही नाही झाले" म्हणते. डोक्याला मार लागला असेल तर तिला घेऊन पुढचा प्रवास करू नये. पुढच्या चोवीस तासांत पुन्हा पुन्हा झोप येणे, उठवले तरी नीट न उठणे, उलट्या, वाढती डोकेदुखी, एका हाता-पायात शक्ती कमी वाटणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, यातले एकही दिसले तर ताबडतोब जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. "दमली आहे, झोपू द्या" असे म्हणून घरी ठेवू नये. मानेला किंवा पाठीला मार असेल तर उचलून रिक्षात कोंबू नये, 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत तिला आहे त्याच स्थितीत, मान न हलवता ठेवावे. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावरही मदत मिळते. आणि रस्त्यात दुसऱ्या कुणाचा असा अपघात दिसला तर थांबायला घाबरू नये. मोटार वाहन कायद्यातल्या कलम 134 अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. पोलीस किंवा रुग्णालय त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत.